वाळवंटाच्या काठावरची पेठ : आगादेझ

ज्या गावाच्या शिवारात पोटापुरते धान्य पिकत नाही, ज्याची नदी वर्षातून थोडेच दिवस वाहते, जेथे मीठ सुमारे सहाशे किलोमीटरवरून येते आणि कापड त्याहूनही लांबून, त्या गावात पाचशे वर्षांहून अधिक काळ बाजार कसा भरत राहिला असेल? आफ्रिकेतील आगादेझ शहराची हकीकत वाचताना कोणाही व्यापाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येईल. या शहराकडे विकायला स्वतःचे असे फार थोडे होते. त्याने विकली ती वाटेची सुरक्षितता, तंटा मिटवणारा शब्द आणि उतरायला हक्काची जागा. या तीन गोष्टींवर एक पेठ उभी राहिली आणि त्या हातच्या गेल्या तेव्हा ती खालीही आली. तिच्या या चढउतारात आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी लक्ष घालावे असे बरेच काही आहे.

आगादेझ हे नायजर देशाच्या उत्तर भागातील शहर. (नायजर आणि नायजेरिया हे शेजारी असले तरी दोन वेगळे देश आहेत. आपल्याकडे वर्तमानपत्रांतही ही गल्लत होते.) सहाराच्या दक्षिण काठावर, आयिर नावाच्या डोंगराळ मुलखाच्या पायथ्याशी ते वसले आहे. राजधानी नियामेहून येथे यायला नऊशे किलोमीटरहून अधिक रस्ता तोडावा लागतो. २०१२ च्या जनगणनेत वस्ती एक लाखाच्या वर भरली. वस्ती तुआरेग, हौसा, अरब अशी मिश्र असून जवळजवळ सर्व लोक मुसलमान आहेत.

तुआरेग हे मूळचे उंट-शेळ्या राखणारे भटके लोक. त्यांचे पुरुष डोके आणि तोंड निळ्या फडक्याने झाकतात, स्त्रिया मात्र तोंड झाकत नाहीत. तंबू बायकोच्या मालकीचा असतो. तलाक झाला तर नवरा बाहेर पडतो, तंबू जागेवर राहतो. त्यांची स्वतःची तिफिनाघ नावाची लिपी आहे, पण दीन आणि इल्म यांचा व्यवहार शतकानुशतके अरबीतून चालत आला.

आगादेझच्या आधी या मुलखातील मोठी पेठ होती तकेद्दा. आपल्या दौलताबादचा किल्ला पाहून गेलेला प्रवासी इब्ने बतूता १३५३ साली तेथे पोहोचला होता. तकेद्दात तांब्याच्या खाणी होत्या आणि तांब्याच्या कांड्या हेच तेथील चलन होते. बारीक कांडीला मांस आणि सरपण मिळे, जाड कांडीला बाजरी, तूप, गहू आणि गुलाम. येथील लोकांना व्यापाराखेरीज दुसरा उद्योग नाही आणि ते दरवर्षी मिसरपर्यंत जातात, असे त्याने नोंदवले आहे. तो ज्या काफिल्याबरोबर उत्तरेकडे परतला त्यात सहाशे गुलाम स्त्रिया होत्या. वाळवंटी व्यापाराच्या वैभवाची वर्णने करताना ही बाजू बहुतेक जण गाळतात. ती गाळणे बरोबर नाही.

तकेद्दा मागे पडले आणि पंधराव्या शतकात आगादेझ पुढे आले. १४०५ साली आयिरची सल्तनत स्थापन झाली. पुढे हेच शहर सुलतानाचे ठिकाण बनले. या सल्तनतीची दंतकथा मोठी गमतीची आहे. तुआरेग टोळ्यांचे आपसात जमेना. एका टोळीचा सरदार दुसरीला चालेना. तेव्हा त्यांनी शिष्टमंडळ थेट इस्तंबूलला पाठवले आणि तेथील सुलतानाचा एक मुलगा आपल्यावर राज्य करण्यासाठी मागून आणला! इतिहासाशी हे जुळत नाही, कारण इस्तंबूल उस्मानी तुर्कांच्या हाती आले तेच १४५३ साली. परंतु कथेत सांगितलेली अडचण खरी होती. ज्याला कोणत्याच टोळीचा पक्षपाती म्हणता येणार नाही असा मध्यस्थ त्यांना हवा होता. सुलतानाकडे मोठी फौज नव्हती. टोळ्या त्याला गादीवर बसवत आणि उतरवतही. त्याचे मुख्य काम तंटे मिटवणे आणि काफिल्यांची वाट खुली ठेवणे हे होते. गादी आजही आहे. सुलतान इब्राहिम उमरू हे पन्नासएक वर्षे गादीवर होते. २०१२ मध्ये त्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव सुलतान झाले.

शहराची रचना पाहिली की त्याचा स्वभाव कळतो. जुन्या शहराचे अकरा मोहल्ले आहेत आणि त्यांचे आकार वेडेवाकडे आहेत, कारण पूर्वी तेथे ज्या टोळीचा तळ पडे त्या तळाच्याच हद्दीवर पुढे मातीची घरे उठली. मधोमध जामा मशीद आहे. तिचा मिनार कच्च्या विटांचा, २७ मीटर उंच, वर निमुळता होत गेलेला. कच्च्या विटांच्या जगातील अतिशय उंच बांधकामांत त्याची गणना होते. त्याच्या भिंतींतून लाकडी तुळयांची टोके बाहेर आलेली दिसतात. मातीच्या बांधकामाला पावसानंतर लिंपण लागतेच, त्यावेळी या तुळयांवर पाय देऊन गवंडी वर चढतात. मशीद १५१५ ची समजली जाते आणि १८४४ मध्ये ती पुन्हा बांधली गेली. युनेस्कोने २०१३ साली जुन्या शहराचा जागतिक वारशात समावेश केला.

१५१५ हे साल शहराच्या दृष्टीने आणखी एका कारणाने महत्त्वाचे. त्याच सुमारास सोंघाई साम्राज्याचा बादशहा अस्किया मुहंमद याने आगादेझ जिंकले. त्या काळातील प्रवासी हसन अल-वझ्झान, ज्याला युरोपात लिओ आफ्रिकानस म्हणतात, लिहितो की शहरातील बहुतेक रहिवासी परदेशी व्यापारी आहेत आणि मूळचे जे थोडे आहेत ते एक तर कारागीर किंवा सुलतानाचे शिपाई. परदेशी व्यापारी आणि स्थानिक कारागीर ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत.

इल्मच्या बाबतीतही हे शहर आडबाजूला नव्हते. आपल्या मदरशांत ‘तफसीरे जलालैन’ शिकवली जाते. तिच्या दोन कर्त्यांपैकी इमाम जलालुद्दीन सुयूती यांनी कैरोहून आगादेझच्या सुलतानाला नसीहतीचे पत्र पाठवले होते. पुढे अठराव्या शतकात शेख उस्मान दान फोदिओ यांनी या परिसरातील आलिम जिब्रील बिन उमर यांच्याकडे धडे घेतले. काफिल्यांबरोबर कापड आणि मीठ जात होते, तशी किताबेही जात होती.

बाजरी हेच चलन

१५९१ मध्ये मोरोक्कोच्या फौजेने सोंघाई साम्राज्य मोडले. गाओची सोन्याची पेठ बसली आणि तिच्याबरोबर आगादेझचेही दिवस फिरले. जर्मन प्रवासी हाइनरिख बार्थ ऑक्टोबर १८५० मध्ये येथे आला तेव्हा शहराचा मोठा भाग ओसाड पडला होता. त्याच्या अंदाजाने वस्ती सात हजारांच्या आसपास उरली होती. एकेकाळी ती पन्नास हजारांपर्यंत असावी असे त्याला वाटले.

बार्थ व्यापाऱ्यांत राहिला आणि व्यापाऱ्याच्या नजरेने पाहून गेला. त्याला आश्चर्य वाटले ते हे की बाजारात पैसाच नव्हता. सोने नाही, चांदी नाही, कवड्यादेखील नाहीत. वस्तूंचे भाव बाजरीत सांगितले जात. जेथे दाणा पिकत नाही तेथे दाणाच चलन व्हावा यात आपल्या वाचकांना काही नवल वाटणार नाही. जी वस्तू सर्वांना लागते आणि कोणाकडेच पुरेशी नसते, तिलाच बाजार माप मानतो.

सुलतानाची कर-पद्धतही बार्थने लिहून ठेवली आहे. परदेशी मालाच्या दर उंटामागे दहा मिस्काल कर, पण खाण्याच्या जिनसांना पूर्ण माफी. मुंबईत २०१७ पर्यंत जकात नाक्यावर ज्यांनी ट्रक उभे केले आहेत त्यांना या माफीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. धान्य घेऊन येणाऱ्याला दारात अडवले तर शहर उपाशी राहते, हे त्या वाळवंटी सुलतानाला पक्के ठाऊक होते.

उत्तरेकडून येणारे व्यापारी तुआत आणि गदामिस या मरुद्यानांचे असत. गदामिसवाल्यांचे आडते कानोपर्यंत बसलेले होते आणि देणी-घेणी अरबी चिठ्ठ्यांवर चालत. आपल्याकडील हुंडीसारखाच हा व्यवहार. चिठ्ठी लिहिणारा एकीकडे, पैसे चुकते करणारा दुसरीकडे आणि मध्ये दोन महिन्यांचे वाळवंट. अशा व्यवहारात एकाची बेइमानी सगळ्या गावाच्या पतीला बाध आणते.

मिठाचा काफिला

पण या शहराला बुडता बुडता तारले ते मिठाने. आगादेझच्या पूर्वेला तेनेरेचे वाळवंट पसरले आहे. ते ओलांडले की कवार मुलखात बिल्मा नावाचे मरुद्यान लागते. तेथे खड्ड्यांत खारे पाणी साठवून मीठ धरतात. आगर म्हणावे तर समुद्र कित्येक महिन्यांच्या वाटेवर! गुरांसाठीचे मीठ खजुरीच्या पोखरलेल्या खोडात ठासून त्याचे शंकू पाडतात. एक शंकू सुमारे पंधरा-वीस किलोचा भरतो. माणसांच्या खाण्याचे मीठ सुटे असते.

ते आणायला जाणाऱ्या काफिल्याला तुआरेग भाषेत तगलमत म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऊन उतरल्यावर, तो निघतो. जाताना उंटांवर बाजरी आणि कापड असते. शिवाय गवताच्या पेंढ्यांचे मोठाले भारे असतात, कारण तेनेरेत काडीही उगवत नाही. या भाऱ्यांतले काही भारे वाटेवर ठरावीक जागी उतरवून ठेवतात आणि परतताना तेथून उचलतात. तेवढा काळ ते उघड्या वाळूत पडून असतात. दुसऱ्याचा भारा कोणी उचलायचा नाही, हा नियम. तो मोडणे म्हणजे एखाद्याच्या उंटांना मारणे आणि उंट मेले की माणूसही जगत नाही. पहाटे निघालेला काफिला रात्र पडेपर्यंत थांबत नाही. चहासुद्धा चालता चालता होतो. एका उंटाची दोरी पुढच्या उंटाला बांधलेली आणि सर्वांत पुढे वाटाड्या. तो वाट ओळखतो ती ताऱ्यांवरून आणि वाळूच्या लाटांवरून.

आता यातला हिशेब पाहावा. बिल्माला मीठ भरपूर आणि धान्याची टंचाई. दक्षिणेला झिंदर-कानोकडे धान्य भरपूर आणि मीठ नाही. काफिलेवाला बाजरी देऊन मीठ-खजूर घेतो, आयिरला परततो आणि दम घेऊन तोच माल दक्षिणेला नेतो, जेथे त्याला कित्येक पट भाव मिळतो. एवढ्यावर व्यवहार संपत नाही. दक्षिणेत कापणी झालेल्या शेतांत उंट महिनोन्‌महिने धाटांवर चरतात. शेतकऱ्याला खत मिळते आणि उंटवाल्याला फुकट चारा. आपल्याकडे धनगर रब्बीच्या आधी शेतात मेंढ्या बसवतात, तसलाच हा सौदा. मग बाजरी आणि निळे कापड भरून उन्हाळ्याच्या सुमारास काफिला घरी. एका फेरीत तीन बाजार साधले जातात आणि रिकामा उंट कुठेच चालत नाही. आपल्या ट्रकवाल्यांना परतीचे भाडे मिळाले नाही की फेरी अंगावर येते. म्हणून त्यांना हा हिशेब लगेच पटेल.

ते निळे कापड कानोजवळच्या कुरा येथील रंगाऱ्यांचे. अरुंद पट्ट्या एकमेकींना शिवून केलेले. निळीत बुडवल्यावर ते लाकडी मोगरीने इतके कुटतात की त्याला धातूसारखी चकाकी येते. रंग अंगालाही लागतो, त्यामुळे युरोपीयांनी तुआरेगांना ‘निळी माणसे’ म्हटले.

१९०६ साली सुमारे वीस हजार उंटांचा काफिला फ्रेंच शिपायांच्या पहाऱ्यात बिल्माला गेल्याची नोंद आहे. संख्या डोळे दिपवणारी आहे, पण ‘पहाऱ्यात’ हा शब्द वाचायला विसरू नये. वाट राखण्याचे जे काम सुलतान आणि टोळ्यांचे होते ते परक्या सरकारने आपल्या हाती घेतले होते. पुढे सरकारने लष्करी मोहिमांसाठी उंटांची सक्तीने उचल केली, तेव्हा काफिलेवाल्यांचे भांडवलच गेले. डिसेंबर १९१६ मध्ये काओसेन या तुआरेग नेत्याने आगादेझच्या फ्रेंच ठाण्याला वेढा घातला. सुलतान तेगामा त्याला मिळाले. मार्च १९१७ मध्ये कुमक येऊन वेढा उठला आणि त्यानंतर आगादेझ व इन-गाल येथील अनेक उलेमांना फ्रेंचांनी ठार केले. आयिरचा बराचसा मुलूख रिकामा करण्यात आला.

नंतर ट्रक आले. उंट पंधरवडा घेई ते अंतर ट्रक काही दिवसांत काटू लागला. १९७३ साली तेनेरेतले एकुलते एक झाडदेखील एका ट्रकच्या धडकेने पडले. शेकडो किलोमीटरच्या परिसरात दुसरे झाड नव्हते आणि ट्रक नेमका त्यावर गेला! काफिले पुरते बंद पडले नाहीत, एकविसाव्या शतकातही ते निघत राहिले, पण हजारांच्या जागी आता ते लहान तुकड्यांनी जातात.

लोहाराची गोष्ट

आता कारागिरांकडे वळू. तुआरेग समाजात धातू, लाकूड आणि चामड्याचे काम करणाऱ्या जमातीला इनादन म्हणतात. पुरुष धातू-लाकडाचे काम करतात, स्त्रिया चामड्याच्या पिशव्या, उश्या, खोगिरांचा साज बनवतात. आपसात बोलण्यासाठी त्यांची एक वेगळी बोली आहे, इतरांना ती कळत नाही. सरदार घराण्यांचे त्यांच्यावाचून पान हलत नसे. तलवार, कुलूप, दागिना तर त्यांनी घडवायचाच. शिवाय लग्नाची बोलणी त्यांनी करायची, मेजवानीचे मांस त्यांनी शिजवायचे, गाणी त्यांनी म्हणायची. तरीही त्यांच्याशी सोयरीक करायची नाही आणि त्यांच्या नजरेची भीती बाळगायची, असा रिवाज. हे लोहार स्वतःचा वारसा हजरत दाऊद (अ.) यांच्यापर्यंत नेतात. ज्यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले असे कुरआनात आहे, त्यांच्या हुन्नराला कमी लेखणारा समाज मुसलमानांत असावा, ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही. आपल्याकडील कारागीर बिरादरींना तिचा अनुभव आहे.

आगादेझचे नाव जगभर गेले ते या लोहारांच्या एका दागिन्यामुळे. त्याला तेनेगेल्त म्हणतात. वर कडी, खाली चार टोकांचा चौकोनी लोलक. फ्रेंचांनी त्याला ‘आगादेझचा क्रूस’ असे नाव दिले, मात्र ख्रिस्ती क्रूसाशी त्याचा संबंध जोडायला भक्कम आधार नाही. वेगवेगळ्या गावांच्या नावाचे असे एकवीस नमुने सांगितले जातात. करण्याची रीत अशी. आधी मेणाचा नमुना हाताने घडवायचा, त्यावर मातीचा लेप द्यायचा, तो भाजायचा, मेण वितळून वाहून गेले की त्या पोकळीत मुशीतली चांदी ओतायची आणि गार झाल्यावर माती फोडायची. साचा फुटतो, म्हणून दुसरा नग अगदी तसाच कधी निघत नाही. मग कानस आणि वर बारीक खोदकाम. भाता शेळीच्या कातड्याचा, लोहार मांडी घालून जमिनीवर बसलेला.

धातू चांदीच. सोन्याविषयी तुआरेगांत जुनी धास्ती आहे, ते लाभत नाही अशी समजूत. चांदी मिळे ती नाणी वितळवून आणि त्यांत मारिया थेरेसाचा ऑस्ट्रियन रुपया अग्रभागी होता. हाच रुपया १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला, अर्थात तो मुख्यतः लाल समुद्राच्या आसपासच्या मुलखासाठी.

पूर्वी लोहाराला रोख मजुरी नसे. प्रत्येक सरदार घराण्याचा आपला लोहार असे आणि त्याला बाजरी, शेळी, कापड मिळे. आपल्या बलुत्यासारखाच हा प्रकार. १९७३-७४ आणि १९८४-८५ च्या दुष्काळांत सरदारांचे कळप मेले. देणाराच बुडाला तेव्हा घेणाऱ्याचे काय? लोहार शहरात आले आणि रोखीने, अनोळखी गिऱ्हाइकाला विकायला शिकले. फ्रान्समधून पर्यटकांची विमाने येत, मोटारशर्यती आगादेझवरून जात. पॅरिसच्या हर्मेस या बड्या पेढीने तुआरेगांकडून चांदीकाम करून घेतले. एका जर्मन कंपनीने २००२ मध्ये आपल्या मोटारीला तुआरेग हे नाव दिले, त्यात मात्र तुआरेगांचे काहीच नव्हते. २००६-०७ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस, स्टॅनफर्ड व वॉशिंग्टन येथे तुआरेग कारागिरीचे मोठे प्रदर्शन फिरले. ज्यांच्याशी सोयरीक होत नव्हती त्यांच्यापैकी काही जण आता बऱ्याच सरदार घराण्यांपेक्षा सुस्थितीत आहेत.

बाकी शहराने मात्र पुन्हा पुन्हा दुसऱ्याच्या वाटेवर भिस्त ठेवली. उत्तरेला अर्लित येथे १९७१ पासून युरेनियम निघू लागले. त्याचा रस्ता आगादेझवरून गेला, पण नफा बराचसा परदेशी गेला. त्या खाणीच्या कंपनीचे नायजर सरकारने जून २०२५ मध्ये राष्ट्रीयीकरण केले. नंतर माणसांची वाहतूक आली. पश्चिम आफ्रिकेतील तरुण लिबियामार्गे युरोपला जाण्यासाठी येथे जमत आणि सोमवारी गाड्यांचा ताफा लष्कराच्या सोबतीने निघे. स्थलांतरविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने एकट्या २०१६ मध्ये तीन लाखांहून अधिक लोक या भागातून बाहेर गेल्याचे नोंदवले. खानावळी, वाहनचालक, पाण्याचे कॅन विकणारे, सर्वांचे दिवस फिरले. पण मे २०१५ मध्ये युरोपच्या आग्रहाने कायदा झाला होता आणि २०१६ पासून तो लागू करून गाड्या जप्त होऊ लागल्या. गाड्या आडवाटेने जाऊ लागल्या, वाळवंटात माणसे मरू लागली, शहरातली कमाई थांबली. लष्करी सत्ताबदलानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये तो कायदा रद्द झाला. अमेरिकेने शहराबाहेर मोठा ड्रोन तळ बांधला होता, तोही ऑगस्ट २०२४ मध्ये तिला सोडावा लागला.

पर्यटकांचे येणे २००७ च्या तुआरेग बंडानंतर थांबले आणि नंतरच्या अपहरणांमुळे ते पूर्ववत झाले नाही. दागिन्यांच्या दुकानांवर कुलपे दिसू लागली. पण लोहाराची ऐरण लहान असते, जमिनीत रोवून वापरायची, भाता आणि कानशींसह एका पिशवीत मावणारी. अनेकांनी ती उचलली आणि नियामे, अबिजान यांसारख्या शहरांतल्या बाजारांत जाऊन बसले. काही जण दरवर्षी युरोपातल्या जत्रांना माल घेऊन जातात आणि येताना पुढच्या हंगामाची मागणी लिहून आणतात.